माऊची नखं काढायची आहेत

आमच्याकडे नखं ‘काढतात’, म्हणजे कापतात. “ये, तुझी नखं काढते,” असं मी म्हटलं की माझी लेक पुस्तकातून मान वर न करता हात पुढे करायची. या वाक्यात घाबरण्यासारखं काहीच नाही. पण तेच वाक्य जसंच्या तसं उचलून इंग्रजीत नेलं की काय होतं, ते मला कुवेतमध्ये कळलं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही तिथल्या हवल्ली भागात राहायचो. मी ऑपरेशन थिएटरची नर्स, हे एक्स-रे टेक्निशियन आणि शाळेत जाणारी लेक. एका शुक्रवारी हे वफ्राच्या शेतांकडे ताजी भाजी आणायला गेले आणि टोमॅटोच्या खोक्यातून करड्या पट्ट्यांचं मांजराचं पिल्लू घेऊन आले. “आपोआप आलं,” म्हणाले. खोक्यात त्यांचा रुमाल नीट अंथरलेला होता. तोही आपोआपच आला असावा.

वर्षभरात माऊ घराची मालकीण झाली. नव्या मखमली सोफ्याचा एक हात तिने असा उसवला की आतला स्पंज बाहेर डोकावू लागला. लेकीच्या हातांवर कायम ओरखडे. मी घरात सगळ्यांची नखं कापते, पण ही बया मला एकटीला धरवत नव्हती. शेवटी मी यांना म्हटलं, “अहो, एकदा डॉक्टरकडे नेऊन हिची नखं तरी काढून आणा.”

यांना आपल्या इंग्रजीचा भारी अभिमान. त्यांनी जनावरांच्या दवाखान्यात फोन करून वेळ घेतली, गुरुवारी सकाळी माऊला तिथे सोडलं आणि घरी येऊन आरामात चहा घेत बसले. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. लेक तोंड पाडून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “आई, शी वॉज सो हंग्री.”

“का? दूध नाही दिलं तिला?”

“डॉक्टरांनीच सांगितलं होतं,” आतून हे म्हणाले. “रात्रीपासून खायला काही देऊ नका म्हणून.”

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. रात्रीपासून उपाशी कोणाला ठेवतात, हे मला कोणी सांगायला नको होतं. थिएटरच्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी पहिलं हेच विचारायची.

“नखं कापायला भूल कशाला?” मी आत येऊन विचारलं. “तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत?”

“काय सांगणार? प्लीज रिमूव्ह हर नेल्स. त्यांनी विचारलं, ऑल? मी म्हटलं, ऑल. तर म्हणतात, पुढच्या पायांची पुरेत. मला वाटलं, कंटाळा करतायत.”

बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. ‘रिमूव्ह’ हा शब्द त्यांना आत्ता पहिल्यांदा ऐकू आला असावा. मी दवाखान्यात फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. लेकीला शेजारी सोडून आम्ही निघालो. गाडीत मला त्यांचा संताप येत होता आणि कीवही येत होती.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पिंजऱ्यात एक पांढरं मांजर होतं. त्याच्या पुढच्या दोन्ही पंजांना बँडेज. त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये वाळूऐवजी कागदाचे मऊ कपटे घातले होते, तरी ते पाय टेकवायचं आणि लगेच उचलायचं. शेवटी ट्रेच्या बाहेरच बसलं. ते बघून यांनी माझा दंड घट्ट धरला.

आत माऊ टेबलावर आडवी पडली होती. जीभ जराशी बाहेर, पुढच्या पायांवर हिरवं फडकं. असली फडकी उचलण्यात माझं आयुष्य गेलेलं, पण ते उचलायला हात धजेना. डॉक्टरांनीच उचललं. चारही पंजे धड होते. अजून सुरुवात व्हायची होती.

डॉक्टर इजिप्तचे होते. आमच्या भाषेचा घोळ ऐकून आधी हसले, मग त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं आणि शेवटच्या पेरावर आडवी रेघ ओढली. मांजराचं नख हाडातून उगवतं, ते कायमचं काढायचं तर पेरच तोडावं लागतं. काही परदेशी लोक सोफ्यासाठी करून घेतात, म्हणाले. मग मांजराची चाल बदलते, पाय दुखत राहतात, वाळू बोचते म्हणून ते कोपऱ्यात घाण करतं, आणि नखं नसली की चावायला लागतं. यंत्रात बोट गेलेले कामगार मी थिएटरमध्ये पाहिले होते. नसलेलं बोट ठणकतं, असं ते बरे झाल्यावरही सांगायचे.

डॉक्टरांनी झोपलेल्या माऊचा पंजा हलकेच दाबून नख बाहेर काढून दाखवलं. पारदर्शक टोक तेवढं कापायचं, आतली गुलाबी रेघ सोडायची. आणि ओरबाडणं ही तिची खोड नाही, गरज आहे. तिला ओरबाडायला तिच्या हक्काचं काहीतरी द्या.

यांनी मग लाकडी खांबाला तांदळाच्या गोणीचं तरट गुंडाळलं, वरून काथ्या आवळला. खांब डुगडुगायचा म्हणून माऊने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. खाली जड पाट ठोकून तो सोफ्याला लागून उभा केला, तेव्हा कुठे बाईसाहेब प्रसन्न झाल्या. मी तिला टॉवेलात गुंडाळून धरायची, हे कापायचे, एका बैठकीला एकच पंजा, वर बक्षीस म्हणून माशाचा तुकडा. घरात कोणी ‘नखं काढायची’ म्हटलं की हे ताबडतोब दुरुस्त करायचे, “कापायची.” अगदी लेकीचीसुद्धा.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी माऊ हालचाल करू लागल्यावरच डॉक्टरांनी तिला सोडलं. माऊला हे मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हते, म्हणून गाडी मी चालवत होते. चौकात शेजारच्या ट्रकने जोरात हॉर्न वाजवला. अर्धवट गुंगीतली माऊ दचकली आणि तिने चारही पंजांची नखं यांच्या हातात रुतवली. पांढऱ्या बाहीवर रक्त उमटलं.

“अहो, सोडवा तिला, मागे ठेवा,” मी म्हटलं.

त्यांनी हात हलवला नाही. डोळे भरून आले होते.

“राहू दे,” ते म्हणाले. “आहेत गं. सगळी आहेत.”