उंबरठ्यासमोरची मोकळी जागा

अंगणातले गोटे आम्ही दोघा नवराबायकोने मिळून शेवटचे धुतले ते कार्तिकात. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ चढायचं, ते वर्षातून एकदा काढावं लागे. ती पाणी ओतायची, मी नारळाच्या काथ्याने घासायचो. अर्धं अंगण झालं आणि तिची कंबर धरली. उंबरठ्यासमोर ओंजळीएवढी एक जागा होती, गोटा नसलेली. तिथे पाणी साचलं होतं. त्यात बोट बुडवून ती म्हणाली, "अवो, हे जागा आतातरी भरसान का?"

"आनतो उद्या," मी म्हणालो.

हा उद्या मी कैक वर्षं सांगत होतो. त्याच सांजेला चुलीपुढे बसल्या बसल्या ती गेली.

गावात तिला गोटेवाली म्हणत. बाळापूरच्या खाली नदीकाठाला आमचं गाव. मी गाडीवान. वऱ्हाडातला कापूस बैलगाडीत भरून अकोल्याच्या बाजारात न्यायचा, रिकामी गाडी घेऊन परत यायचं, हा माझा जन्मभराचा धंदा. तिचं माहेर अमरावतीकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. तिकडे पाऊल टाकाल तिथे दगड. आमच्याकडे नुसती काळी माती. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात विहिरीवर जाताना तिचं एक जोडवं अंगणातल्या चिखलाने पायातून ओढून घेतलं. ते शेवटपर्यंत सापडलं नाही. तेव्हापासून नदीवर धुणं धुवायला गेली की परत येताना ओल्या कपड्यांत दोन-चार गोटे असायचेच.

पहिल्या वर्षी तिने ते काळ्या मातीवर तसेच मांडले. मला ठाऊक होतं काय होणार, पण मी बोललो नाही. तमाशा पाहायचा होता. चार महिन्यांत मातीने सगळे गिळले. बाई रडेल असं वाटलं होतं. उन्हाळ्यात अंगणाला भेगा पडल्या तेव्हा ती पालथी पडून एकेका भेगेत डोळा लावून पाहत होती. मला हाक मारली. "अवो, पाहा ना. हा इथून निघून थेट तिथं गेला. माती आत चालते वाटते." मी म्हणालो, दगडाची जत्रा लागली का आत. तिने ते मनावरही घेतलं नाही. मग तिने हातभर माती काढून टाकली, माझ्याकडून गाडीभर मुरूम आणवला, धुमसाने ठोकला, वर वाळू टाकली आणि त्यात गोटे बसवले. पोट खाली, पाठ वर. नंतर एकही हलला नाही.

विहिरीच्या वाटेला काळे, तुळशीभोवती पांढऱ्या गारगोट्या, गोठ्याकडे लाल-पिवळे. पण कोणता कुठे जाईल हे ती कोरड्यावर ठरवत नसे. आधी पाण्यात बुडवायची, मग उजेडात धरून फिरवायची, कधी जीभही लावायची. मला चिडवल्यासारखं म्हणायची, "कोरडे समदे सारखेच दिसतात जी, तुमच्या पाव्हन्यांवानी. वलं केलं म्हंजे समजते कोनाच्या पोटात काय हाये."

एकदा सडकेच्या कामावरचे एक ओव्हरसियर पाणी प्यायला थांबले. शिकलेला माणूस. अंगण पाहून खूश झाले आणि सांगितलं की हे सगळे दगड एके काळी आगीचा रस होते, वऱ्हाडभर वाहत होते. मी मान हलवली. ती पदर सावरून पुढे झाली. "मंग येवढी आग इझवली कोनी, साहेब?" साहेब म्हणाले, आपोआप निवली. "किती दिसांत?" साहेबांनी पेला तोंडाला लावला. पांढरा गोटा त्याच आगीतला असून पांढरा कसा राहिला, हे तिने विचारलं तेव्हा साहेबांनी पेला खाली ठेवला आणि सायकल उचलली. त्यानंतर कैक दिवस भाकर थापताना मध्येच हात थांबायचा तिचा. भाकर करपायची. मी बोंबलायचो.

शेजारणीने एकदा विहिरीजवळच्या उभट काळ्या गोट्याला शेंदूर लावला, नारळ ठेवला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. हिने नारळ प्रसाद म्हणून वाटून टाकला आणि शेंदूर खरवडून काढला. "त्याले गोटाच राहू द्या, माय. देव झाला का कोनी त्याच्याकडे पाहत नाई, नुसते हात जोडतात."

ती मोकळी जागा मात्र तिने मुद्दाम सोडली होती. सगळं अंगण झाल्यावर मला म्हणाली, "हे तुमची. तुमच्या पसंतीचा एक आनजा. मी काई सांगनार नाई."

मी गाडी घेऊन परत येत होतो. बैल तहानलेले होते, नदीवर सोडले. मसणाच्या खालच्या अंगाला, पायाजवळच एक गुळगुळीत गोटा दिसला. उचलला, खिशात टाकला, घरी येऊन तिच्या हातात दिला. तिने पाण्यात बुडवला, फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. "कुठून उचलला?" मी सांगितलं.

माणूस गेला की मसणात ज्या खड्याने पाण्याचं मडकं फोडतात तो जीवखडा. दहा दिवस गेलेल्या माणसाच्या जागी तो मानायचा, दहाव्याला नदीत सोडायचा. मसणाच्या खाली पडलेला गोटा कोणाचा असेल हे सांगता येत नाही, म्हणून ती कधी त्या अंगाला वाकतही नसे. हे मला माहीत होतं. ध्यानात आलं नाही. तिने डोक्यावरून पदर घेतला, गोटा दोन्ही हातांनी माझ्या हातात परत दिला. "कोनाचं तरी मानूस असन हे. जसं आनलं तसं नेऊन सोडा." मी भर उन्हात परत गेलो. आलो तेव्हा तिने मला अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ घातली आणि तेवढंच म्हणाली, "तुमी पाह्यलंच नाई जी. नुसता उचलला."

ते मला लागलं. नंतर मी आणला नाही. तिनेही ती जागा भरली नाही. पाऊस पडला की तिथे चिमण्या आंघोळ करायच्या.

ती गेली तेव्हा मडकं फोडायला खडा लागला. गुरुजी म्हणाले, कोणताही चालतो. मी वाळूत बसलो आणि एकेक पाण्यात बुडवून पाहू लागलो. लोक खांद्याला धरून उठवायला लागले. त्यांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी गुरुजींना म्हणालो, "तुम्हाले चालते. तिले नाई चालत." शेवटी तांबूस, मधून पांढरी रेघ गेलेला एक खडा सापडला. जन्मात पहिल्यांदा पाहून घेतलेला.

दहा दिवस तो माझ्याजवळ होता. नवव्या दिवशी मी तो उंबरठ्यासमोरच्या जागेत ठेवून पाहिला. असा बसला की जणू तिथलाच. मी कितीतरी वेळ तिथून उठलो नाही. आमची एकच लेक, अकोल्याला दिलेली. तिने दारातून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, राहू द्या. आई घरीच राहीन. नदीत दुसरा सोडू, कोनाले समजते?"

मलाही तेच हवं होतं. खोटं कशाला सांगू. मी मुरूम आणायलाही उठलो. पण तिने दोन्ही हातांनी परत दिलेला तो गोटा आठवला. कोणाच्या तरी माणसासाठी तिने मला उन्हातून परत धाडलं होतं. आता माणूस माझं होतं, म्हणून नेम बदलायचा का? दहाव्याला मी खडा नदीत सोडला. पाणी गुडघ्याएवढं होतं. थोडा वेळ तळाशी ती रेघ दिसली, मग दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराव्याचे विधी होते. गुरुजी ओट्यावर येऊन बसले होते. मी त्यांना बसा म्हणालो आणि मसणाच्या वरच्या अंगाला, नदीच्या वाकणावर गेलो. धोतर खोचलं, पाण्यात बसलो. एक उचलला, ओला केला, फिरवला. दुसरा उचलला. हिरवट, ठिपक्यांचा, एकात काचेसारखं काहीतरी, एक आतून निळा. एवढ्या वर्षांत दिवसाआड मी या पाण्यातून बैल नेले होते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा एक घेऊन घरी आलो. तो जागेपेक्षा मोठा होता. तिच्या खुरप्याने कड मोकळी केली, मुरूम ठोकला, वाळू टाकली, पोट खाली करून बसवला. लोटाभर पाणी ओतलं आणि उंबरठ्यावर बसून पाहत राहिलो. गुरुजी ओट्यावर बसूनच होते. गोटा वाळला, तेव्हा उठून आणखी एक लोटा आणला.