साहेबांची मधली जागा

सर्जेराव चौगुल्यांचा आवाज मोठा होता आणि तो लहान करायची त्यांना कधी गरज वाटली नाही. जयपुरात बनी पार्कातल्या आपल्या दोन खोल्यांत बसून ते बायकोकडे चहा मागायचे, ते तीन घरं सोडून राहणाऱ्या शर्माजींनाही ऐकू जायचं. माणूस कोल्हापूरचा, पेठेतल्या तालमीत वाढलेला. पोरवयात अभ्यासाला बसलेले सर्जेराव कुणी पाहिले नाहीत, पण मैदानावर संध्याकाळी नाहीत असंही कधी झालं नाही. तरी केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी मिळाली आणि १९५४ साली बदली होऊन ते जयपूरला आले. ट्रंकेत कपड्यांच्या खाली फुटबॉलचे बूट होते. बायकोनं, मालनबाईंनी, ते दोनदा काढून ठेवले होते आणि सर्जेरावांनी तिसऱ्यांदा भरले होते.

कचेरीला फुटबॉलचा संघ आहे हे कळल्यावर त्यांना जयपूर एकदम आवडायला लागलं. रविवारी सकाळी सोडाल्याकडच्या मोकळ्या मैदानावर सराव चालायचा. मैदान कसलं, अर्धी माती आणि अर्धी रेती. पहिल्याच रविवारी सर्जेरावांच्या ध्यानात आलं की या संघाला हात आहेत, पाय आहेत, कंबर तेवढी नाही. मागची माणसं दणकट होती, पुढची पोरं चपळ होती, आणि मधे सगळा आनंदीआनंद.

मधे, म्हणजे सेंटर हाफच्या जागी, आप्पासाहेब उभे असायचे. आप्पासाहेब नागपूरचे, कचेरीत सुपरिंटेंडंट. माणूस वाईट नव्हता हो. संघ त्यांनीच काढला होता, आणि एखादा कारकून आजारी पडला तर त्याच्या घरी संत्री घेऊन जायचे. पण कचेरीत जसा एकही कागद त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे, तसा मैदानावर बॉलही सरकत नसे. असा नियम कुणी केला नव्हता. लेफ्ट हाफ उमाकांतच्या समोर आपला माणूस मोकळा उभा असला, तरी उमाकांतचे डोळे साहेबांना शोधायचे. "सर," म्हणून तो बॉल त्यांच्याकडे द्यायचा. साहेब बॉल पायाखाली दाबायचे, दोरीनं बांधलेला चष्मा सारखा करायचे आणि उचलून अशी लाथ घालायचे की बॉल संक्रांतीच्या पतंगांत जाऊन बसे. खाली पुढची पोरं वर बघत धावायची. समोरच्या संघानं दोन उंच माणसं मागे ठेवली की काम झालं. दर वर्षी आंतर-कचेरी स्पर्धेत आमची मंडळी पहिल्याच सामन्यात घरी. तिथं नशिबाला बोल लावायचा, रेतीला लावायचा, पंचाला लावायचा. मधल्या जागेचं नाव कोण काढणार? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदीर तसा लागतो.

सर्जेरावांनी आधी गोडीनं सांगून पाहिलं. "साहेब, बॉल जरा जमिनीवर ठेवूया की. मधे दोन-चार पास होऊ देत. समोरच्याला कळायला नको, आपण कुठं निघालोय ते."

"मधे वेळ कशाले घालवाचा, सर्जेराव?" आप्पासाहेब खरोखरच्या आश्चर्यानं म्हणाले. "गोल पुढे आहे. मी बॉल पुढेच पाठवून राहिलो ना?"

 सर्जेराव राइट हाफच्या जागेवर गेले आणि दोन वर्षं दात-ओठ खात तिथं खेळले.

सत्तावन्न सालचा स्पर्धेचा सामना शहरातल्या चौगान मैदानावर होता. बॉल सर्जेरावांच्या पायात आला. मधे आप्पासाहेबांनी हात वर केला. "सर्जेराव, इकडे!" सर्जेरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि बॉल पलीकडे उमाकांतला दिला. उमाकांत इतका दचकला की तो साहेबांकडेच द्यायला निघाला होता. "उम्या, परत दे!" सर्जेराव असे गरजले की त्यानं घाबरून दिला. सर्जेरावांनी तो दोन बचावपटूंच्या मधल्या फटीतून सरळ पुढे सरकवला आणि पुढच्या पोरानं गोल केला.

त्या वर्षीचा तो पहिला गोल. पण एकही माणूस ओरडला नाही. सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, जसे शोकसभेत उभे असावेत.

सामना संपल्यावर आप्पासाहेबांनी सर्जेरावांना बाजूला घेतलं. "मी बॉल मागून राहिलो होतो. सगळ्यांनी पाहिलं. आधी माफी मागा, मग पुढच्या रविवारी या."

"माफी कशाची, साहेब? गोल झाल्याची?"

हे वाक्य सोमवारी सर्जेरावांच्या आधी कचेरीत पोचलं होतं. सर्जेराव संघाबाहेर गेले.

बाहेर गेले, पण घरी बसले नाहीत. दर रविवारी बुटांना पॉलिश करून, खेळायची चड्डी घालून ते सोडाल्याला जायचे आणि रेषेबाहेर उभे राहायचे. बॉल आकाशात गेला की मोठ्यानं म्हणायचे, "चालला आमेरच्या किल्ल्यावर!" उमाकांत दोनदा समजवायला आला. "नुसतं सॉरी म्हणून टाका हो. तुमचं काय जातंय?"

"माझं काय जातंय ते तुला न्हाई कळायचं," सर्जेराव म्हणाले. "मी सॉरी म्हटलं म्हणजे तो गोल चुकीचा ठरला."

वर्षांवर वर्षं गेली. संघ हरत राहिला, सर्जेराव उभे राहिले. गुडघे कुरकुरायला लागले तरी संध्याकाळी गल्लीतल्या पोरांत खेळून पाय चालू ठेवले. खात्याची परीक्षा दिली, पास झाले. आप्पासाहेब निवृत्त होऊन नागपूरला निघाले तेव्हा सर्जेराव स्टेशनावर हार घेऊन गेले होते. गाडी सुटताना आप्पासाहेब खिडकीतून म्हणाले, "अजूनही माफी नाही ना मागत तुम्ही?"

"न्हाई, साहेब."

"बरं," असं म्हणून आप्पासाहेबांनी त्यांचा हात गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

त्रेसष्ट साली सर्जेराव सुपरिंटेंडंट झाले. खुर्चीबरोबर कप्तानी आली आणि कप्तानीबरोबर मधली जागा. उमाकांतला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे! आता दाखवा तुमचा खेळ." सर्जेराव पहिल्या सरावाला मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि छाती भरून आली. बॉल आला. पुन्हा आला. परत आला. वा! एवढे पास त्यांना जन्मात मिळाले नव्हते.

सामन्यात मात्र भलतंच झालं. सर्जेरावांना तिघांनी घेरलं तरी बॉल त्यांच्याकडेच यायचा. "अरे, दुसऱ्याला द्या!" ते ओरडले की "जी साहब" म्हणून पुढचा बॉल पुन्हा त्यांच्याच पायात. त्यांनी पुढे काय करायचं ते डोक्यात आखावं, तर सगळे त्यांच्याभोवती हात बांधल्यासारखे उभे. शेवटी वैतागून त्यांनीही दोनदा बॉल उचलून आकाशात मारला. चार गोलांनी हरले.

मालनबाई त्या दिवशी सामना बघायला आल्या होत्या. घरी येऊन त्यांनी चूल पेटवली. मग भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आप्पासाहेब नागपूरला गेले म्हणून सांगितलं हुतं न्हवं तुमी? मला तर आज दिसले बाई मैदानावर."

सर्जेरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आप्पासाहेबांत आणि माझ्यात काही फरक हाय का न्हाई?"

"हाय की. त्यांना चष्मा हुता."

सर्जेराव जेवले नाहीत. ताट सारून अंगणात येरझारा घालायला लागले. बायको बोलली ते खरं होतं म्हणूनच झोंबलं होतं. मधली जागा त्यांना खेळून मिळाली नव्हती, बढतीत मिळाली होती. पोरं बॉल सर्जेरावांना देत नव्हती, सुपरिंटेंडंटला देत होती. त्या जागेवर साहेब उभा आहे तोवर तिथं कुणाचं डोकं चालणार नव्हतं, साहेबाचंसुद्धा. मग कोण उभा राहील तिथं? समोर कोण आहे याची ज्याला पर्वा नाही, असा कोण आहे कचेरीत?

होता एक. देवराम. आमेरहून बसनं येणारा नवा कारकून, तिकडलाच. मागच्या आठवड्यात तो उशिरा आला म्हणून सर्जेरावांनी झापलं, तर म्हणाला, "मेमो बस को दीजिए, साहब, देर उसने की।" सर्जेरावांनी तिथल्या तिथं त्याच्या हातावर मेमो ठेवला होता. सरावात बॉल मागूनही न देणारा तेवढा एकच गडी होता, आणि म्हणूनच सर्जेरावांनी त्याला सामन्याला बाहेर बसवलं होतं. हे आठवलं तेव्हा सर्जेराव येरझारा थांबवून खाली पायरीवर बसले. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

पुढच्या वर्षीच्या सामन्याला त्यांनी देवरामला सेंटर हाफ केलं आणि स्वतः राइट हाफला गेले. कचेरीचे मोठे साहेब भडकले. "जिसको मेमो दिया, उसी को बीच में खड़ा करेंगे? दफ्तर में क्या संदेश जाएगा?"

"सर, वहाँ से संदेश नहीं भेजना है, बॉल भेजना है।"

"ठीक है। इस बार भी हारे, तो टीम अगले साल मैं बनाऊँगा।"

सर्जेरावांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं, हा सामना हरलो की देवराम बाहेर आणि मधली जागा जन्मभर साहेबांची.

चौगानावर ऊन तापलं होतं. देवरामनं पहिल्यापासून बॉल जमिनीवर ठेवला. आधी पोरं बावचळली. कुणाकडे बघायचं तेच कळेना, सवयीनं राइट हाफकडे बघायची. मग हळूहळू ज्याला मोकळा माणूस दिसेल त्याला बॉल मिळायला लागला. तरी गोल होईना. खेळ संपत आला होता. देवरामला मधे बॉल मिळाला आणि उजवीकडून सर्जेराव गुडघे विसरून धावत सुटले. समोर कुणी नाही! त्यांनी हात वर केला. "देवराम, इकडं!"

देवरामनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. आणि बॉल डावीकडे उमाकांतला दिला. पोट सुटलेला उमाकांत दोन पावलं पुढे गेला, आणि गोल!

"मी मोकळा होतो!" सर्जेराव कडाडले. "हात वर केलेला दिसला न्हाई? आधी माफी माग!"

शब्द तोंडातून गेले आणि मग त्यांना ऐकू आले. 

देवरामनं घाम पुसला. "माफी किस बात की, साहब? गोल होने की?"

ते वाक्य त्याला कुणी सांगितलं होतं की त्याचं त्यालाच सुचलं, कुणास ठाऊक. रेषेबाहेरून मालनबाईंचं हसू मात्र स्पष्ट ऐकू आलं. सर्जेरावांचा हात अजून वरच होता. त्यांनी भोवती पाहिलं. उमाकांत, पुढची पोरं, मागचे दणकट, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते. गोल झालाय, आता आनंद करायचा की नाही, ते साहेब सांगणार होते.

"अरे, बघताय काय माझ्याकडं?" सर्जेरावांचा आवाज चौगानाच्या बाहेर गेला. "गोल झालाय! ओरडा की!"

मग जो आरडाओरडा झाला तो थांबेना. पंच शिट्ट्या वाजवून दमला. बॉल मधे ठेवला गेला तरी सर्जेराव पुढेच उभे होते, हसत, डोळे पुसत.

"सर्जेराव!" मधून देवराम खेकसला. साहेब नाही, जी नाही. "पीछे जाओ!"

सर्जेराव मागे गेले.