आगीला आगच म्हणायचं

शाहूपुरीतल्या आमच्या बोळात स्वप्नालीइतकी हट्टी सून दुसरी नाही. आणि हे कोण सांगतंय? उभी हयात नाटकात हट्टी सुनांच्या भूमिका केलेली बाई!

दिवसभर ब्लाउज शिवायचे आणि दिवेलागणीला सहा वर्षांच्या अनुजाला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवायचं, हा तिचा नेम. त्यातलं एक पुस्तक आगीचं. धूर दिसला की खाली वाकून रांगत दार गाठायचं, खेळणं घ्यायला मागं फिरायचं नाही आणि 'आग!' म्हणून मोठ्यानं ओरडायचं.

सासू अंबूबाईंना पुस्तक चाललं, तो शब्द चालेना. "दिवा लावल्यावर असलं अभद्र तोंडातनं काढू नगंस!" त्यांच्या घरात बांगडी फुटत नाही, 'वाढते'. नारळसुद्धा 'वाढवतात'. घरात वाद नको म्हणून स्वप्नाली तो शब्द गाळून वाचू लागली. पोरीनं मग आपल्या मनानंच ठरवलं, आगही वाढतच असणार.

परवा स्वप्नाली शेजारी माझ्याकडे ब्लाउज द्यायला आली होती. अंबूबाई गॅसवर तेल ठेवून टीव्हीसमोर रमल्या. कढईनं पेट घेतला. अनुजा किंचाळली, "आज्जी, कढई वाढली!"

"आलो गं! हात धुतो आन् बसतो जेवायला. तुझ्या बापालाबी हाक मार."

भिंतीपलीकडून ऐकून आम्ही दोघी हसलो की! मग जळका वास आला. स्वप्नाली धावली, गॅस बंद केला, कढईवर परात झाकली. पोर रांगत दाराबाहेर आली होती. भिंत काळी झाली, तेवढ्यावर निभावलं.

अंबूबाई पदरानं काळी भिंत पुसत म्हणाल्या, "आता तरी ते पुस्तक बंद कर."

"न्हाय, आत्याबाई. आता दार उघडं टाकून वाचणार. आगीला आगच म्हणायचं. वाढायचं ते फकस्त ताटात."

लगेच मला हुकूम सुटला. "मावशी, तुमचा आवाज थेटरात शेवटच्या रांगंपतूर जायचा न्हवं? हिला शिकवा."

समई तेवत होती. अंबूबाई कानांवर हात ठेवून बसल्या होत्या. मी अनुजाच्या पोटावर हात ठेवला. "बाळ, गळ्यातनं नाही. इथनं."

पहिली हाक उंबऱ्यातच पडली. दुसरी बोळात पोचली. तिसरीला समोरचे कृष्णात बादली घेऊन धावत आले, त्यांच्यामागं अर्धा बोळ.

"कुठं हाय आग?"

"पुस्तकात," स्वप्नाली दारात ठाम उभी. "ऐकू येतंय का बघितलं, भाऊजी. पुस्तक रोज वाचणार. पण अशी हाक यापुढं आली, तर खरीच असंल. असंच पळत या."