मौलवीसाहेबांची सरपंचकी

चाकणच्या मशिदीत शमशुद्दीन मौलवी पेशइमाम होते. बांधावरून भांडण झालं की हिंदू शेतकरीसुद्धा त्यांच्याकडंच यायचे. कांद्याचा व्यापारी रंगराव तर त्यांचा जिवाभावाचा दोस्त. १९५४ साली पंचायतीची निवडणूक लागली तेव्हा तोच म्हणाला, "मौलवीसाहेब, तुमी उभं ऱ्हावा. तुमच्या शब्दाला गाव न्हाई म्हणायचं न्हाई."

मशिदीतल्या जाणत्यांना हे रुचलं नाही. "नमाज पढवणाऱ्यानं दारोदार मतं मागू नयेत. एक काय ते धरा," ते म्हणाले. मौलवींनी इमामत सोडली. त्यांची बायको हलीमाबी त्या दिवशी जेवली नाही.

ते निवडून आले, सरपंचही झाले; रंगरावही पंच म्हणून निवडून आला. उन्हाळ्यात महारवाड्यातला झरा आटला. तिथल्या बायका कुणी पाणी वाढेल म्हणून घागरी घेऊन गावच्या विहिरीपासून लांब उन्हात बसून राहायच्या. मौलवींनी वेशीजवळची पंचायतीची विहीर सगळ्यांना खुली केली आणि स्वतः काठावर जाऊन उभे राहिले.

"ओढा, अंबूबाई. ही तुमचीबी विहीर हाय."

अंबूबाईच्या हातातून दोर निसटला; तिनं तो पुन्हा धरला आणि घागर वर ओढली.

गावानं त्या विहिरीचं पाणी भरायचं सोडलं. पाठोपाठ अविश्वासाचा ठराव आला. रंगरावाचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला.

बाहेर आल्यावर मौलवींनी विचारलं, "रंगराव, पाणी बाटलं असं तुला खरंच वाटतं?"

"न्हाई वाटत," रंगराव खाली बघत म्हणाला. "पण मला पोरी उजवायच्यात, मौलवीसाहेब. भावकी वाळीत टाकंल."

नव्या सरपंचानं विहिरीला कुंपण घातलं. मशिदीत जुन्नरकडचा तरुण इमाम आला होता. मौलवी शेवटच्या रांगेत उभे राहू लागले. त्यांच्याकडं कुराण शिकायला येणारी पोरंही आईबापांनी बंद केली.

पुढच्या थंडीत हलीमाबी तापानं गेली. "जनाज्याची नमाज मला पढवू द्या," मौलवींनी हात जोडले. "एवढी एकच."

जाणत्यांनी एकमेकांकडं पाहिलं. "तो मान आता तुमचा नाही."

तरुण इमाम संकोचून पुढं झाला. मौलवी त्याच्यामागं उभे राहिले. रंगराव कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत आला नि तिथूनच मागं फिरला.

माती देऊन सगळे पांगले. मौलवी थांबले. ओल्या मातीपुढं उभं राहून, पूर्वी जुम्म्याला काढायचे त्याच खणखणीत आवाजात त्यांनी दुआ म्हणायला सुरुवात केली. दुआ संपली. आमीन म्हणायला मागं कुणीच नव्हतं.