नॉमिनीच्या रकान्यातलं नाव

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत हल्ली समुद्राखालच्या केबलचा विषय निघाला की मी तिथून निघून घरात येते. चहाच्या टपरीवरही तेच चालतं: डेटा वाढणार, केबल टाकाव्याच लागणार, त्या कंपन्यांचे शेअर आत्ताच घेऊन ठेवा. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी अशीच केबल टाकणाऱ्या जहाजावरून पाण्यात पडला. तो सापडला नाही.

वडील टेलिफोन खात्यात जॉइंटर होते. रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसून तारा जोडायचे. जोड झाला की टेस्टफोन लावून पार चितेगावच्या टोकाला बसलेल्या जोडीदाराला हाक मारायची आणि त्याची ओ आल्याशिवाय जोड बंद करायचा नाही, हा त्यांचा कायदा. भावाला मृत मानायचे कागद जहाज कंपनीकडून सहीला आले, तेव्हा त्यांनी तोच कायदा काढला. "पलीकडून आवाज आल्याबिगर जोड बंद करत नसतेत." मी चिडले, भांडले. कागद कपाटात पडून राहिले.

मग एका दुपारी वडील म्हणाले, पोरगा ज्या कंपनीची केबल टाकत होता तिचे शेअर घ्यायचेत. जन्मभर शेअरवाल्यांना जुगारी म्हणणारा हा माणूस. मी मोबाइलवर फॉर्म भरायला बसले. त्यांच्यामागं शेअर कुणाला जायचे, त्या नॉमिनीच्या रकान्यात त्यांनी भावाचं नाव सांगितलं. मी थांबले. माझं टाकू का, असं हळूच विचारलं.

"तुझं टाकलं तर तो गेला असं होईल, बाई."

मी भावाचं नाव टाकलं. पुढं नातं विचारलं होतं, तिथं मुलगा लिहिलं. चुकतंय हे कळत होतं, तरी लिहिलं.

तेव्हापासून बाजार उघडला की ते मला भाव विचारतात. वाढला असला तर म्हणतात, पोराचं काम चालू आहे. खरं सांगते, मलाही तसंच वाटायला लागलं. स्वयंपाक करताना दारात कुणी चप्पल काढल्याचा भास होतो आणि मी एक पोळी जास्त लाटते.

गेल्या आठवड्यात भाव पडला. कुठंतरी खोल पाण्यात केबल तुटली होती. वडील जेवले नाहीत. संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसले.

"तिथं खाली लई गार असंल का गं?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी हो म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा वडील रडले.