शनिवारचं तिसरं पार्टिशन

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. दसऱ्याला माझ्या आधीपासून सर्व्हर सांभाळणारे भोईरकाका त्याला हळदकुंकू वाहायचे, तेव्हा "काका, नारळ तेवढा बाहेर फोडा हं" म्हणून त्यांची खेचणारी मीच...

मी उल्हासनगर कॅम्प चारला राहते. नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, एका औषध कंपनीचे सर्व्हर सांभाळायची. आमच्या एका मोठ्या सर्व्हरचे आत तीन भाग केलेत — पार्टिशन्स. प्रत्येक भाग वेगळ्या कॉम्प्युटरसारखा चालतो. शुक्रवारी एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी म्हणून सगळं बंद, शनिवारी सकाळी आठला पुन्हा चालू. पहिली दोन पार्टिशन्स आपोआप सुरू व्हायची. तिसरं काकांनी 'मॅन्युअल'वर ठेवलेलं, म्हणजे कोणीतरी येऊन सुरू करेपर्यंत ते नुसतं थांबून राहायचं.

काका रिटायर झालेले, काकू गेलेल्या. तेवढ्या एका कामासाठी दर शनिवारी सोनिवलीहून स्कूटरवर यायचे.

"पोरी, यो तिसरा हट्टी हाय. बाकीच्यांच्या मागून, हातानंच उठवाचा."

हट्टी कसला! मी सेटिंग बदललं — आधी पहिली दोन, दहा मिनिटांनी तिसरं, सगळं आपोआप. त्या शनिवारी काकांनी हेल्मेट काढायच्या आत तिसरं सुरू झालेलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "काका, आता तुम्हाला यायची गरजच नाही."

ते स्क्रीनकडे बघत राहिले. "बरा झाला. माझी पन खेप वाचली... चल, चाय तरी घेऊ."

"पुढच्या वेळी काका, मीटिंग आहे."

पुढची वेळ कुठली? ती तर मीच बंद केली होती.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका शनिवारी तिसरं सुरूच होईना. बघते तर सेटिंग मॅन्युअलवर! पासवर्ड फक्त माझ्याकडे, काकांचं लॉगिन मीच बंद केलेलं. लॉगमध्ये बदलाची नोंदसुद्धा नाही. वैतागून हाताने सुरू केलं, तोच फोन वाजला. काकांची सून होती.

"ताई, बाबा गेले... आठ वाजता. हेल्मेट मांडीवर घेऊन ओट्यावर बसले व्हते. दर शनवारी तसंच बसाचे. आम्ही सांगाचो, बाबा, आता नाय जायाचा कंपनीत. तं बोलाचे, तिसरा अडला तं बोलावतील मना."

मी सर्व्हर रूममध्येच खाली बसले आणि रडले.

त्यानंतर तीनदा मी ते ऑटोवर टाकलं. तिन्ही शनिवारी ते मॅन्युअलवर सापडलं. बाहेरून इंजिनिअर बोलावला, त्यालाही काही दोष दिसला नाही. शेवटी मी नाद सोडला. आता दर शनिवारी आठला जाते, पहिली दोन सुरू झाली की तिसरं हाताने सुरू करते.

ते सेटिंग कसं बदलत होतं, मला आजही कळलेलं नाही. कोणाला कळलं तर जरूर सांगा. मला एवढंच माहीत आहे — त्या दिवशी माझी मीटिंग साडेनऊला होती... आणि काका चहाला चल म्हणाले तेव्हा जेमतेम सव्वाआठ झाले होते.