वेगळी लिहू नका

“दोन कुटुंबं लिहा,” दत्ताभाऊ म्हणाले.

“एकच लिहा,” स्वयंपाकघरातून त्यांच्या बहिणीचा आवाज आला.

मी ओसरीवर टॅब धरून बसले होते. धायरीच्या पुढच्या एका गावात आमचा सर्व्हे चालू होता. गाव नुकतंच शहराच्या हद्दीत आलं होतं. माणसांना ते अजून कळवलेलं दिसत नव्हतं. मी कर्वेनगरातल्या एका कन्सल्टन्सीत काम करते. या गावात परवडणारी घरं किती जणांना हवीत, हे शोधायचं काम आम्हाला मिळालं होतं.

आमच्या कामात ‘कुटुंब’ म्हणजे नातेवाईक नव्हेत. ज्यांचा स्वयंपाक एकत्र होतो, ते एक कुटुंब. एका छपराखाली तीन चुली असतील तर तीन कुटुंबं. त्यातल्या ज्याला स्वतःचं घर नाही, त्याला घराची गरज आहे असं आम्ही लिहितो. ही व्याख्या मला आवडायची. साधी, आणि कुणाच्याही आडनावाला भीक न घालणारी.

या घरात दत्ताभाऊ, त्यांची बायको मंगल, दोन मुलं आणि थोरली बहीण शालनताई. नवऱ्यानं सोडल्यापासून शालनताई माहेरीच होत्या. शेगडी एकच होती आणि तिच्यासमोर त्याच उभ्या होत्या.

“आक्काला वेगळी दाखवा, मॅडम,” दत्ताभाऊ म्हणाले. “तिला घर मिळालं तर आमचं काय वाईट हाय का?”

मला माणूस आवडला. बहिणीच्या नावावर घर व्हावं म्हणणारे भाऊ आम्हाला रोज भेटत नाहीत. त्यासाठी नियम वाकवावा लागला असता, पण मी तयार होते. जिच्या हातची भाकरी सगळं घर खातं, तिचंच कुटुंब नाही, हा कुठला न्याय?

मी आत गेले. वेगळं लिहिलं तर यादीत नाव येईल, असं शालनताईंना समजावलं. त्या भाकरी थापत राहिल्या. भावाची भीती वाटते का, असंही विचारून पाहिलं. त्यावर त्या हसल्या.

“ताई, घर हा तुमचा हक्क आहे,” मी म्हणाले.

“मग मी काय सांगतीय? हक्काचंच सांगतीय. वेगळी लिहू नका.”

मला काही उमगेना. मी तो रकाना रिकामा ठेवून ऑफिसला परतले.

आमचे प्रोजेक्ट हेड लिमये सर. त्यांनी एकच विचारलं, “चुली किती?”

“एक.”

“मग अडलंय कुठे? आपण क्रांती दुपारी करा, आधी डेटा भरा.”

मी हटले नाही, तेव्हा त्यांनी दोन्ही शक्यता स्क्रीनवर मांडून दाखवल्या. घर परवडतं की नाही हे ठरवताना आम्ही कुटुंबाचं सगळं उत्पन्न एकत्र धरतो. दत्ताभाऊंनी मागच्या अंगाला खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या. शालनताईंना त्या उत्पन्नात धरलं, की त्यांना घराची गरजच उरत नव्हती. वेगळं धरलं, की गरज होती, पण कमाई शून्य. हप्ता कुठून भरणार?

“म्हणजे दोन्हीकडून त्या बाहेर?”

“टेबलात बसत नाहीत.”

“मग टेबल चुकलंय, सर.”

“टेबल मंजूर झालंय.”

राहून राहून एक प्रश्न मला सतावत होता. जिच्या नावावर घर व्हायचं ती नको म्हणते आणि भाऊ हट्ट धरतो, हे काय आहे? दोन दिवसांनी मी परत गेले. दत्ताभाऊ बाहेर गेले होते. शालनताईंनी मला पाटावर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. गावात ‘वेगळा झाला’ म्हणजे वाटणी घेऊन बाहेर पडला. बापाच्या जमिनीला बिल्डरनं मागणी घातली होती. विकायची तर शालनताईंचीही सही लागणार होती.

“उद्या दत्ता म्हणंल, आक्का कवाच वेगळी झाली, सरकारी मॅडमच लिहून गेल्या.”

मी सरकारी नाही, हे मी सांगितलं. सर्व्हेनं मुलीचा वाटा जात नाही, हेही सांगितलं.

“खात्रीनं सांगता?”

मी सरांना फोन लावला. त्यांना तसंच वाटत होतं, पण वकिलाला विचारलेलं बरं, असं ते म्हणाले. माझ्या तोंडाकडे पाहूनच शालनताईंना उत्तर मिळालं. तेवढ्यात मंगल चहा घेऊन आली.

“ह्यांच्या मनात तसलं काही न्हाई हो,” ती म्हणाली. तिचंही खरं असेल. दत्ताभाऊ उदार होते की हुशार, हे मला आजही सांगता येत नाही.

मी एकच कुटुंब लिहिलं. छापील रिपोर्टच्या नकाशात ते घर हिरव्या रंगात आहे. हिरवा म्हणजे गरज नाही. बिल्डर अजून चकरा मारतो आणि शालनताईंनी अजून सही केलेली नाही. आपला वाटा कागदावर आल्याशिवाय त्या करणार नाहीत.

‘वेगळे राहता का’ असं मी आता कुणाला विचारत नाही. स्वयंपाक कुठे होतो, तेवढंच विचारते. जमीन कुणाच्या नावावर आहे, हे टॅब बंद केल्यावर विचारते, कारण ते भरायला त्यात रकानाच नाही.